चित्र कोणाचें?

यंत्रानें रचलेल्या चित्रांविषयीं गेल्या दोन-तीन वर्षांत जो वाद चालला आहे, त्यांत दोन प्रश्न मोठ्या हिरिरीनें विचारले जातात. चित्र खरें कीं खोटें, हा पहिला. आणि तें सभ्य कीं असभ्य, हा दुसरा. समाजमाध्यमें चालविणाऱ्या कंपन्यांच्या नियमावल्या, निरनिराळ्या सरकारांचे मसुदे, वृत्तपत्रांतील अग्रलेख आणि आपल्या दिवाणखान्यांतील संभाषणें हीं सर्व या दोन प्रश्नांभोंवतींच घिरट्या घालीत असतात. पहिल्यावर तोडगा म्हणून चित्राला चिठ्ठी डकवावी असें सांगण्यांत येतें. दुसऱ्यावर तोडगा म्हणून किती अंग उघडें असावें याचें माप ठरविण्यांत येतें. माझें म्हणणें असें आहे कीं, हे दोन्ही प्रश्न गौण आहेत. त्यांच्या उत्तरांवर उभारलेले नियम ज्यांच्या रक्षणासाठीं म्हणून केले त्यांच्या फारसे उपयोगीं पडत नाहींत. आणि जो प्रश्न सर्वांआधीं विचारावयास हवा, तो म्हणजे हें चित्र कोणाचें आहे आणि तिनें तें काढूं दिलें होतें काय, हा प्रश्न रांगेंत अगदीं मागें उभा आहे.

हें म्हणणें हवेंतलें वाटूं नये म्हणून एक घडलेलें प्रकरण सांगतों. फेसबुक आणि इन्स्टाग्राम हीं दोन्ही ज्या मेटा कंपनीच्या मालकीचीं आहेत, तिनें आपल्या निर्णयांवर अपील चालविण्यासाठीं 'ओव्हरसाइट बोर्ड' नांवाचें एक मंडळ स्थापलें आहे. पैसा कंपनीचा, पण निर्णयाचें स्वातंत्र्य मंडळाचें, अशी त्याची रचना आहे. या मंडळानें २०२४ च्या एप्रिलमध्यें दोन प्रकरणें एकदम हातीं घेतलीं आणि २५ जुलै २०२४ रोजीं त्यांचा निकाल दिला. पहिलें प्रकरण भारतांतील. एका इन्स्टाग्राम खात्यावर आपल्याकडील एका प्रसिद्ध स्त्रीसारखा चेहरा असलेलें विवस्त्र, पाठमोरें चित्र प्रसिद्ध झालें. तें यंत्राच्या साहाय्यानें बनविलेलें होतें, आणि भारतीय स्त्रियांचीं यंत्रनिर्मित चित्रें प्रसिद्ध करणें हाच त्या खात्याचा उद्योग होता. दुसरें प्रकरण अमेरिकेंतील. अशा चित्रांच्या हौशी लोकांच्या एका फेसबुक-गटांत तेथील एका प्रसिद्ध स्त्रीसारखी दिसणारी विवस्त्र स्त्री आणि तिच्या अंगाशीं झोंबणारा पुरुष असें चित्र टाकण्यांत आलें होतें.

आतां दोन्ही चित्रांचें नशीब पहा. अमेरिकन चित्र त्या गटांत येतांच आपोआप काढलें गेलें. कारण तेंच चित्र पूर्वीं एकदा कंपनीच्या नजरेस आलेलें होतें व त्याचा ठसा निषिद्ध चित्रांच्या पेढींत जमा झालेला होता. ही पेढी म्हणजे एक यांत्रिक दप्तर; नवें चित्र आलें कीं यंत्र त्याचा ठसा दप्तरांतील ठशांशीं ताडून पाहतें, आणि जुळला कीं चित्र दूर करतें. भारतीय चित्राबद्दल एका सद्गृहस्थानें अगर भगिनीनें तक्रार केली. ती अठ्ठेचाळीस तासांत कोणीं पाहिली नाहीं, म्हणून ती आपोआप निकालांत निघाली. तक्रारदारानें पुन्हां दाद मागितली. तीही कोणीं न पाहतां आपोआप बंद झाली. चित्र होतें तेथेंच राहिलें. अखेर प्रकरण मंडळाकडे गेलें, मंडळानें तें निवडलें, आणि मग कंपनीस साक्षात्कार झाला कीं चित्र राहूं देण्यांत आपली चूक झाली.

भारतीय चित्राचा ठसा पेढींत कां नव्हता, असें मंडळानें विचारलें. कंपनीचें उत्तर असें कीं, अमेरिकन चित्राच्या बाबतींत वृत्तपत्रांतील बातम्यांचा आधार घेतला होता, भारतीय चित्राच्या बाबतींत तशा बातम्या नव्हत्या. म्हणजे, विटंबनेचा गवगवा झाला तरच ती विटंबना. ज्या असंख्य स्त्रियांविषयीं वृत्तपत्रें कधींच लिहिणार नाहींत त्यांचें काय, ही काळजी मंडळानें स्वतःच बोलून दाखविली आहे. मौन हें संमतीचें लक्षण, असें आपण म्हणतों. पण तें ज्याला विचारलें त्याचें मौन. येथें मौन धरलें कंपनीनें, आणि संमति मात्र त्या स्त्रीची गृहीत धरली गेली!

ज्या नियमाखालीं हें चित्र निषिद्ध ठरत होतें त्याची शब्दयोजना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. भाषा शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला ती ओलांडून पुढें जाववत नाहीं. मूळ इंग्रजींत ती 'डेरोगेटरी सेक्शुअलाइज्ड फोटोशॉप' अशी होती. म्हणजे अवमानकारक, लैंगिक स्वरूपाचें 'फोटोशॉप'. यांतील 'फोटोशॉप' हें चित्रांत फेरफार करण्याच्या एका विशिष्ट साधनाचें नांव. खुनाच्या कलमांत 'सुरीनें मारणें' असें लिहून ठेवावें आणि पुढें कोणी कुऱ्हाड घेऊन आला म्हणजे न्यायाधीशानें डोकें खाजवीत बसावें, तसा हा प्रकार झाला. पण हें अज्ञान म्हणून सोडून देतां येईल. 'अवमानकारक' हें विशेषण मात्र सोडून देतां येत नाहीं. विशेषणाचें कार्य व्यावर्तन करणें, म्हणजे एका जातींतील कांहीं वस्तु इतरांपासून वेगळ्या काढणें, हें आहे. निळें कमळ म्हटलें कीं तांबडें आणि पांढरें कमळही जगांत आहे असें मानावें लागतें. मग एखाद्या स्त्रीला न विचारतां अवमानकारक रीतीनें विवस्त्र केलें असें म्हणतांना, तिला न विचारतां सन्मानपूर्वकही विवस्त्र करतां येतें, असें या नियमकर्त्यांस सुचवावयाचें होतें काय? तें चित्र काढणारा उद्यां खुशाल म्हणेल कीं, मी तिच्या सौंदर्याचा चाहता आहें, माझ्या मनांत अवमान कोठून असणार? आणि नियमाच्या अक्षरानें पाहिलें तर त्याला उत्तर देणें कठीण जाईल.

मंडळानें या शब्दावर नेमकें बोट ठेविलें. 'अवमानकारक' काढून त्या जागीं 'संमतीवांचून' हा शब्द घालावा, 'फोटोशॉप' ऐवजीं कोणत्याही रीतीनें बदललेल्या अगर बनविलेल्या चित्रास लागू पडेल असा व्यापक शब्द योजावा, आणि हा नियम दांडगाई व छळ यांच्या प्रकरणांतून उचलून प्रौढ व्यक्तींच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत न्यावा, अशा शिफारशी त्यानें केल्या. एका शब्दाच्या जागीं दुसरा शब्द, इतकाच हा बदल दिसतो. पण पहिल्या शब्दानें चित्रकाराच्या मनांत डोकवावें लागतें, दुसऱ्यानें त्या स्त्रीकडे वळून तिला विचारावें लागतें. साऱ्या वादाचें मर्म मला या एवढ्या फरकांत दिसतें.

चिठ्ठीवाल्यांचा पक्ष आतां पाहूं, कारण सध्यां तोच अधिक लोकप्रिय आहे. मेटानें २०२४ च्या मे महिन्यापासून चित्रांवर 'मेड विथ एआय', म्हणजे कृत्रिम बुद्धीनें बनविलेलें, अशी चिठ्ठी लावावयास आरंभ केला. थोड्याच दिवसांत छायाचित्रकारांनीं ओरड केली कीं, आम्हीं स्वतःच्या कॅमेऱ्यानें टिपलेल्या खऱ्याखुऱ्या चित्रांना ही चिठ्ठी लागते आहे. किरकोळ डागडुजीसाठीं एखादें साधन वापरलें तेवढ्यानें संपूर्ण चित्र यंत्राच्या नांवावर जमा होतें. जुलैमध्यें कंपनीनें चिठ्ठीचे शब्द बदलून 'एआय इन्फो' असे केले. आपल्या सरकारनें ऑक्टोबर २०२५ मध्यें जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यांत यंत्रनिर्मित चित्राच्या पृष्ठभागाचा निदान दहा टक्के भाग चिठ्ठीनें व्यापला पाहिजे असें सुचविलें होतें. फेब्रुवारी २०२६ मध्यें नियम कायम झाले त्यांतून हें दहा टक्क्यांचें माप वगळण्यांत आलें, चिठ्ठी मात्र राहिली.

निवडणुकीच्या काळांत एखाद्या पुढाऱ्याच्या तोंडीं भलतेंच भाषण घातलें जातें, तेथें चिठ्ठीचा उपयोग आहे, हें मला मान्य आहे. पण चिठ्ठी रक्षण कोणाचें करते? पाहणाऱ्याचें. तो फसूं नये एवढाच तिचा हेतु. ज्या चित्रांविषयीं मी बोलत आहें तेथें पाहणारा फसलेला नसतो, व फसला नाहीं म्हणून त्याचें कांहीं बिघडतही नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेचीं अशीं चित्रें 'एक्स' या माध्यमावर पसरलीं, त्यांतील एकच चित्र काढलें जाईपर्यंत साडेचार कोटींहून अधिक वेळां पाहिलें गेलें. तीं खरीं आहेत असें समजून कितीजणांनीं पाहिलीं असतील? चोरीच्या भांड्याला 'कल्हई उत्तम' अशी चिठ्ठी डकवली म्हणून भांडें धन्याच्या घरीं परत जात नाहीं. विवस्त्र केलेल्या चित्राच्या कोपऱ्यांत 'हें यंत्रानें केलें' असें प्रामाणिकपणें लिहिलें, तरी त्या मुलीला दुसऱ्या दिवशीं वर्गांत येऊन बसावयाचें असतें तें त्याच चित्रासह.

दुसरा पक्ष सभ्यतावाद्यांचा. हा आपल्याकडे जुना आहे आणि कायद्यांतही खोल रुजलेला आहे. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० सालचा. त्याचें ६७ वें कलम अश्लीलतेसंबंधीं आहे, आणि पाहणाऱ्याचें अगर वाचणाऱ्याचें मन बिघडविण्याची प्रवृत्ति त्या मजकुरांत आहे काय, हा त्याचा निकष आहे. हा निकष १८६८ च्या हिक्लिन खटल्यापासून इंग्रजी कायद्यांत आला आणि तेथून आपल्याकडे. यांतही विचार झाला तो प्रेक्षकाचाच! चिठ्ठीवाला म्हणतो प्रेक्षक फसूं नये, सभ्यतावादी म्हणतो प्रेक्षक बिघडूं नये; जिचें चित्र काढलें ती दोघांच्याही दृष्टीपलीकडे.

या मापाचा इतिहासही फारसा गौरवास्पद नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत र. धों. कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून लैंगिक आरोग्याविषयीं जें लिहिलें त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्यें त्यांची बाजू न्यायालयांत डॉ. आंबेडकरांनीं मांडली. कर्व्यांच्या लेखांत कोणत्याही स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ओढून आणलेलें नव्हतें. उलट स्वतःच्या देहावर तिचाच अधिकार असावा, हेंच तर ते आयुष्यभर सांगत होते. तरी सभ्यतेचें माप त्यांच्यावर अचूक लागू पडलें. यंत्रांच्या हातीं तेंच माप गेल्यावर काय झालें तें सांगतों. व्हिएतनामच्या युद्धांत नापाम बाँबनें भाजून रस्त्यावर विवस्त्र धांवणाऱ्या बालिकेचें जगप्रसिद्ध छायाचित्र फेसबुकनें २०१६ मध्यें नग्नतेच्या नियमाखालीं काढून टाकलें, आणि नॉर्वेमधील एका दैनिकाच्या संपादकानें जाहीर जाब विचारल्यावर परत घेतलें. २०२० मध्यें ब्राझीलमधील एका स्त्रीनें स्तनांच्या कर्करोगाचीं लक्षणें समजावून देण्यासाठीं इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध केलेलीं चित्रें यंत्रानें आपोआप उडविलीं. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा याहून चांगला मासला कोठें मिळेल? आणि याच माध्यमावर चार वर्षांनंतर त्या भारतीय स्त्रीचें बनावट चित्र दोनदां तक्रार होऊनही सुखेनैव नांदत होतें.

'संमति' हा शब्द आपल्या कायद्यांत अगदींच नाहीं असें नाहीं. २००८ च्या दुरुस्तीनें आलेल्या '६६-ई' या कलमांत तो आहे; पण तें कलम एखाद्याच्या खासगी अंगाचें चित्र संमतीवांचून टिपण्याविषयीं व प्रसिद्ध करण्याविषयीं बोलतें. आरोपीचा वकील विचारणार कीं, हें अंग तिचें आहेच कोठें? तें तर यंत्रानें कल्पिलेलें. प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण त्याची टिंगल करून भागणार नाहीं, कारण चित्र 'कोणाचें' हें ठरविण्याची अडचण येथें खरोखरच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें रश्मिका मंदाना या अभिनेत्रीची म्हणून एक चित्रफीत देशभर फिरली. लिफ्टमध्यें शिरणाऱ्या एका दुसऱ्याच तरुणीच्या चित्रफितीवर रश्मिकाचा चेहरा बसविलेला होता. देशांत संताप उसळला, मंत्र्यांनीं निवेदनें केलीं, पुढें जानेवारी २०२४ मध्यें दिल्ली पोलिसांनीं एकाला अटकही केली; आणि हें सर्व योग्यच झालें. पण ती फीत जिच्या देहाची होती ती दुसरी तरुणी या साऱ्या कोलाहलांत जवळजवळ विसरली गेली. तिनें आपली फीत आपल्या खात्यावर आपल्या चेहऱ्यासह टाकली होती. तो चेहरा पुसून तिचा देह दुसरीच्या नांवावर फिरविण्याची परवानगी तिनें कोणाला दिली होती? चेहरा जिचा तीही, देह जिचा तीही. चित्र दोघींचें, आणि दोघींपैकीं कोणालाही विचारलेलें नाहीं. मीं म्हणतों तो प्रश्न नियमाच्या आरंभीं असता, तर दुसरी तरुणी आपोआप नजरेस आली असती.

प्रसिद्ध व्यक्तींना निदान न्यायालयाचा दरवाजा ठाऊक असतो. अनिल कपूर यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२३ मध्यें त्यांचें नांव, आवाज, प्रतिमा, इतकेंच काय, त्यांच्या तोंडीं बसलेल्या 'झकास' या शब्दालाही संरक्षण दिलें. गायक अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ मध्यें तसेंच संरक्षण दिलें. त्यांना तें मिळालें याबद्दल माझी तक्रार नाहीं; परंतु ज्या देशांत एका नटाचा 'झकास' सुरक्षित आहे त्या देशांत कऱ्हाडच्या अगर बार्शीच्या महाविद्यालयांतील मुलीचा चेहरा सुरक्षित नसावा, हें मला विसंगत वाटतें. तिला वकील करणें परवडत नाहीं; आणि परवडलें तरी, बाजारांत ज्याची किंमत होते अशी 'प्रतिमा' तिच्यापाशीं नसते. तिच्यापाशीं फक्त चेहरा असतो.

हें संकट फक्त नट्या-गायिकांवरचें आहे या भ्रमांत कोणी राहूं नये. स्पेनमधील अल्मेंद्रालेजो या लहानशा गांवीं २०२३ मध्यें वीसहून अधिक शाळकरी मुलींचीं अशीं चित्रें त्यांच्याच शाळासोबत्यांनीं बनवून वांटलीं. मूळ छायाचित्रें त्यांनीं स्वतःच्या खात्यांवर ठेवलेलीं, पूर्ण कपड्यांतील, कोणाही घरीं भिंतीवर लावावीं अशीं होतीं. पुढल्या वर्षीं तेथील बालन्यायालयानें पंधरा मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. आणि हा उद्योग नवाही नाहीं: डीपट्रेस या संस्थेनें २०१९ मध्यें आंतरजालावरील १४,६७८ बनावट चित्रफितींची मोजदाद केली, तेव्हां त्यांतील ९६ टक्के अश्लील प्रकारच्या होत्या. राजकारणांतील बनावट भाषणांवर परिषदा भरत होत्या, तेव्हां कारखाना मुख्यतः काय उत्पादन करीत होता तें या आंकड्यावरून कळतें.

असल्या बातम्या वाचून आपल्या घरांतील वडीलधारीं माणसें लगेच एक उपाय सांगतात: मुलींनीं छायाचित्रें टाकूंच नयेत. हेतु मायेचा आहे हें मी जाणतों. पण १९१३ मध्यें दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं एकही स्त्री तयार होईना, आणि शेवटीं ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली. त्या नकारामागें रूढीची सक्ति होती, हें खरें; तथापि त्या नकाराला अर्थ होता एवढें तरी कबूल केलें पाहिजे. स्त्रीनें 'नाहीं' म्हटलें, तर कॅमेऱ्यासमोर स्त्री नसे. आजच्या मुलीच्या 'नाहीं'ला तेवढाही अर्थ उरलेला नाहीं. तिनें खातें बंद केलें तरी मैत्रिणीच्या लग्नांतील छायाचित्र आहे, स्नेहसंमेलनाचें आहे, गुणवत्ता यादींत नांव आलें म्हणून स्थानिक पत्रानें छापलेलें आहे. मग काय, पहिली आली तरी तिनें तोंड लपवावें? अपराध करणारा उजेडांत आणि जिच्यावर झाला ती अंधारांत, अशी व्यवस्था आपण शहाणपणाच्या नांवाखालीं सुचवीत आहों.

आतां आक्षेपांकडे वळतों. कंपन्यांचा नेहमींचा आक्षेप संख्येचा. रोज कोट्यवधि चित्रें येतात, प्रत्येकीची संमति आम्हीं कोठें तपासावी? पण अमेरिकन चित्र एका क्षणांत कसें निघालें तें आपण पाहिलेंच. यंत्र आहे, पेढी आहे, ठसा ताडण्याची युक्ति आहे. २०२१ पासून 'स्टॉप एनसीआयआय' ही सोयही आहे, तींत स्त्रीला आपलें चित्र कोणाकडे न पाठवितां आपल्याच यंत्रावर त्याचा ठसा काढून तेवढाच कंपन्यांकडे देतां येतो. कमी आहे ती हें सर्व कामाला लावण्याच्या इच्छेची. तिचा एक अलीकडचा मासला पहा. २०२६ च्या नववर्षाच्या सुमारास 'एक्स' वर 'ग्रोक' या यंत्राला आज्ञा देऊन लोक अनोळखी स्त्रियांच्या छायाचित्रांतील कपडे उतरवूं लागले. भारत सरकारनें २ जानेवारीला नोटीस काढली. इंडोनेशिया व मलेशिया यांनीं तें यंत्रच कांहीं काळ बंद केलें. कंपनीनें ९ जानेवारीस पहिला उपाय योजला तो असा, कीं त्या माध्यमावर चित्रें बनविण्याची सोय फक्त वर्गणी भरणाऱ्यांपुरती ठेवली! वाटमारी बंद करण्याऐवजीं वाटेवर जकातनाका बसविला. खऱ्या माणसांचे कपडे उतरविण्यास मज्जाव करण्याची घोषणा त्यानंतर कांहीं दिवसांनीं, ओरड थांबत नाहीं असें पाहून झाली.

दुसरा आक्षेप अधिक आदरास पात्र आहे. संमतीचा नियम केला तर व्यंगचित्राचें काय? कोणता मंत्री आपल्या व्यंगचित्राला संमति देईल? मुंबईंत २०१२ मध्यें असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या आरोपाखालीं अटक झाली होती, हें आपण विसरलेलों नाहीं. मला स्वतःला चिठ्ठीवाल्यांची व सभ्यतावाद्यांची भीति वाटते ती याच कारणानें. 'दिशाभूल करणारें चित्र' अगर 'असभ्य चित्र' असे सैल शब्द सरकारच्या हातीं दिले, कीं त्यांत उपहासाचें चित्र केव्हां सांपडेल याचा नेम नाहीं. आणि फेब्रुवारी २०२६ च्या नियमांनीं सरकारी आदेश पाळण्याची मुदत छत्तीस तासांवरून तीन तासांवर आणल्यापासून तर त्यावर विचार करावयासही अवधि राहिलेला नाहीं. मी जो नियम मागतों तो अरुंद आहे: ओळखूं येणाऱ्या खऱ्या व्यक्तीचें, विवस्त्र अगर लैंगिक स्वरूपाचें, तिच्या संमतीवांचून केलेलें चित्र. त्यांत मंत्र्याचें सुटलेलें पोट येत नाहीं, त्याची खुर्ची येत नाहीं, त्याच्या तोंडीं घातलेला विनोद येत नाहीं. दुसऱ्यास इजा होते तेथेंच स्वातंत्र्याला मर्यादा घालावी, असें आगरकरांची पिढी मिल्लच्या ग्रंथांतून शिकली. ही मर्यादा त्या शिकवणीच्या आंतच आहे, आणि इजा कोणाला झाली हें येथें शोधीत बसावें लागत नाहीं.

श्रेय द्यावयाचें तेथें दिलें पाहिजे. भारताच्या २०२१ च्या नियमांत, नग्न अगर बनावट फेरफार केलेल्या चित्राविषयीं त्या व्यक्तीची तक्रार आल्यास तें चोवीस तासांत काढावें, असें स्पष्ट होतें. २०२६ मध्यें ती मुदत दोन तासांवर आली. अमेरिकेनें मे २०२५ मध्यें 'टेक इट डाउन' कायदा करून अठ्ठेचाळीस तास ठरविले. आपला नियम या बाबतींत पुढें आहे. पण त्यांत तक्रार करावयाची ती त्या व्यक्तीनें अगर तिच्या वतीनें कोणीं तरी. आणि आपलें असें चित्र फिरत आहे हें त्या व्यक्तीला बहुधा सर्वांच्या शेवटीं कळतें. इन्स्टाग्रामवरील त्या प्रकरणांत तक्रार करणारी व्यक्ति चित्रांतील स्त्री होती असें दिसत नाहीं. कोणा तऱ्हाइताला तें सहन झालें नाहीं, एवढेंच. अशा तऱ्हाइताच्या तक्रारीलाही किंमत असावी, आणि अमुक तासांत कोणीं पाहिलें नाहीं तर तक्रार बंद होण्याऐवजीं चित्र बंद व्हावें, असें मी मागतों. घड्याळ तेंच, फक्त त्याचा काटा कोणाच्या बाजूनें पडावा एवढें बदलावयाचें. तक्रार मराठींत लिहिली तर ती मराठी समजणाऱ्या माणसापुढें जावी, हेंही त्यांतच आलें.

यावर म्हणतील कीं खोट्या तक्रारी येतील. येतील. एखाद्या नटीनें स्वखुशीनें काढविलेलें, खरेंखुरें चित्रही कोणी खोडसाळ मनुष्य तक्रार करून दोन दिवस दडवून ठेवील. मग चित्र प्रसिद्ध करणाऱ्यानें तिची संमति दाखवावी आणि चित्र परत लावावें. ज्याच्यापाशीं ती खरोखरच आहे त्याला ती दाखविण्यास एक ओळ पुरते. या दोन दिवसांत त्याचें काय नुकसान झालें याचा हिशेब त्यानें जरूर मांडावा, आणि तो ताडून पाहण्यासाठीं त्या दुसऱ्या मुलीचे दोन दिवस शेजारीं ठेवावे.